दोन गिलास दूध

माझ्या पहिल्या मुलीच्या गालांवर पुरळ उठलं तेव्हा ती दीड महिन्याची होती. त्या दिवसापासून पुढचे तीन-चार महिने माझ्या अंगावरचं दूध हा आमच्या क्वार्टरांच्या सगळ्या ओळीचा विषय होऊन बसला. नळावर पाणी भरायला आलेली बाईसुद्धा आधी बाळाकडे बघायची, मग माझ्याकडे, आणि मग मान हलवायची. मी वीस वर्षांची होते. एवढ्या वर्षांनी त्याचं हसू यायला हवं. मला अजून चीडच येते.

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले, धानाच्या गावातले. माझा नवरा भिलाईच्या कारखान्यात फिटर म्हणून लागला होता. पहिली भट्टी पेटून वर्ष-दीड वर्ष झालं होतं, पण कारखाना वाढतच होता, आणि आमचा सेक्टर अर्धा बांधलेला, अर्धा नुसत्या चुन्याच्या रेघांचा. दिवसभर ट्रक जायचे. धुऊन घातलेली दुपटी वाळेपर्यंत तांबडी व्हायची. दोन खोल्यांचं क्वार्टर, मागे थोडी मोकळी जागा, नळ दोन वेळा. नवरा म्हणायचा, गावाकडच्या मानानं आपण राजे आहोत. त्याची नोकरी पाळ्यांची. राजा घरी असला की झोपलेला असायचा.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायची रीत, पण माझी आई मी लहान असतानाच गेली होती. म्हणून सासू आली. तिला सगळे माय म्हणत, मीही मायच म्हणायची. येताना तिनं गाठोड्यातून डिंक, अळीव, गूळ आणला आणि आल्यावर चार दिवसांत जवळच्या रुआबांधा गावाहून एक गाय विकत आणली. मागच्या मोकळ्या जागेत खुंटा ठोकला. तेव्हा कोणी हटकत नसे.

"दूधवाल्याचं पाणी पाजून बाळंतपण होत असते का?" ती म्हणाली.

सकाळी एक गिलास, संध्याकाळी एक गिलास. पितळेचा मोठा गिलास, काठोकाठ, वर सायीचा थर. मला लहानपणापासून दुधाचा वास सहन होत नाही. मी नाक मुरडलं की ती समोर उभी राहायची.

"पी वो बाई. तू पिशीन तवाच त् तिले भेटन."

शिवाय दुधातली अळिवाची खीर, दुधात शिजवलेला रव्याचा शिरा, वरणभातावर तुपाची धार. पंधरा दिवस मुलगी छान होती. मग ती दूध प्यायली की पाय पोटाशी ओढून रडायला लागली. मग गालांवर लाल पुरळ आलं, ते कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या आतल्या वळ्यांत उतरलं, ओलं झालं, त्यावर खपल्या धरल्या. ती दुपट्यावर गाल घासायची आणि दुपट्याला रक्त लागायचं. एके दिवशी तिच्या शीमध्ये चिकट शेंबडासारखं काही दिसलं आणि त्यात रक्ताचे दोन तंतू. मी नवऱ्याला दाखवलं. तो नुकता ड्यूटीवरून आला होता, हातांचं ग्रीससुद्धा गेलं नव्हतं. त्यानं बघितलं, त्याचा चेहरा उतरला, आणि तो म्हणाला, "मायले विचार."

मायनं बघितलं आणि एका वाक्यात निकाल दिला, "तुह्यं दूध बाधून राह्यलं तिले."

एवढं म्हणून ती थांबली असती तरी चाललं असतं. पण तिला ते सिद्ध करायचं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला वाटीत थोडं दूध काढून द्यायला लावलं आणि अंगणात नेऊन त्यात तीन मुंग्या सोडल्या. मुंग्या मेल्या तर दूध विषारी, जगल्या तर चांगलं, अशी तिची परीक्षा. बाळाला तेल लावायला रुआबांध्याची एक छत्तीसगढी बाई रोज यायची. तीही उकिडवी बसून बघू लागली. मुंग्या थोडा वेळ हातपाय मारत राहिल्या आणि मेल्या.

"पाह्य!" माय म्हणाली. "मेल्या."

"माय, त्या बुडून मेल्या," मी म्हणाले. "तुमच्या गाईच्या दुधात टाकल्या तरी मरतील."

तेलवाली हसली. "चांटी मन तो बूड़ के मरिन हें, दाई."

मायनं तिच्याकडे असं बघितलं की ती बाळाचे पाय चोळायला लागली. मला वाटलं, चला, मुंग्या बुडूनच मेल्या हे एका माणसानं तरी खरं सांगितलं. पण माझं दूध विषारी ही बातमी संध्याकाळपर्यंत ओळीतल्या शेवटच्या क्वार्टरपर्यंत गेली होती, आणि ती तेलवालीनं नव्हे, मायनंच पोचवली होती.

मग माझं खाणं सुरू झालं. म्हणजे बंद व्हायला सुरुवात झाली. आधी वांगं बंद. मग तुरीची डाळ. मग चिंच, टमाटर, काकडी, मिरची. शेजारच्या तेलुगू बाईनं सांगितलं भोपळा वाईट, तो गेला. समोरच्या पंजाबी बाईनं सांगितलं भात थंड असतो, तोही गेला. आणि आम्ही तर भातावर वाढलेले लोक. प्रत्येक जण येऊन माझ्या ताटातला एकेक पदार्थ उचलून नेत होता आणि मुलीचं अंग होतं तसंच होतं. शेवटी पोळी, मुगाचं पाणी आणि दूध एवढंच राहिलं. आणि खाणं एवढं कमी झालं म्हणून मायनं दुधाचा तिसरा गिलास सुरू केला, दुपारचा.

मुलगी आणखी बिघडली. आता कानांच्या मागेही चिरा पडल्या. तिला हात लावायला भीती वाटायची. ती भुकेनं छातीशी यायची, दोन घोट घ्यायची, तोंड सोडून किंचाळायची, आणि घरातले सगळे माझ्याकडे बघायचे. मी काय करायला हवं होतं? दूध माझ्या अंगात येत होतं, ते मी कालवत नव्हते.

शेवटी नवरा म्हणाला, दुर्गला एक डॉक्टर आहेत, लोक नाव घेतात. आम्ही दोघं बसनं मुलीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिचा गाल बोटानं थोडा वळवला आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाले, आईचं दूध खराब आहे, बंद करा, डब्याचं सुरू करा. कसं, किती, का, काही नाही. मी विचारलं, "साहब, खराब म्हणजे काय?" ते म्हणाले, "ये सब तुम्हारी समझ में नहीं आएगा." मी सातवी पास होते. समजावून सांगायचा प्रयत्न तरी करायला हवा होता.

येताना डबा घेतला. माय खूश झाली. तिचं म्हणणं एका शिकलेल्या माणसानं शिक्का मारून दिलं होतं. तिनं स्वतः पाणी उकळलं, डब्यावरच्या चित्रातल्या गुबगुबीत बाळाकडे बघत भुकटी कालवली, आणि मुलीला मांडीवर घेऊन चमच्यानं पाजायला बसली. मी दारात उभी होते. छाती भरून दुखत होती. पाच-सहा चमचे गेले असतील. मुलीचे ओठ जाडे दिसायला लागले. मला आधी वाटलं, दुधाचा फेस लागलाय. मग तिच्या पोटावर, मांड्यांवर बघता बघता लाल गांधी उठल्या, डोळे सुजून बारीक झाले आणि सगळं दूध उलटून पडलं. श्वास घेताना घशातून बारीक आवाज येत होता.

"काय झालं वो हिले?" माय ओरडली.

मी तिच्या मांडीवरून मुलगी ओढून घेतली आणि निघाले. नवऱ्यानं सायकल काढली, मी मागे बसले, आणि आमच्या सेक्टरातल्या दवाखान्यात आम्ही कसे पोचलो ते मला आठवत नाही. खडी टाकलेला रस्ता होता, सायकल उडत होती, आणि मी सारखी तिच्या नाकाजवळ गाल नेत होते, एवढंच आठवतं.

दवाखान्यात एक बंगाली डॉक्टरीणबाई होत्या. पन्नाशीच्या, बारीक, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला. त्यांनी इंजेक्शन दिलं आणि मुलीला स्वतःच्या हातांत धरून बसून राहिल्या. अर्ध्या तासानं गांधी ओसरायला लागल्या. मग त्यांनी तिचं सगळं अंग उघडं करून पाहिलं, वळ्या वेगळ्या करून पाहिल्या, आणि पहिल्यांदा, या सगळ्या महिन्यांत अगदी पहिल्यांदा, कोणीतरी मला विचारलं, "तुम क्या खाती हो?"

मी सांगितलं. वांगं नाही, डाळ नाही, भात नाही, चिंच नाही. "और दूध?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, तीन गिलास. त्यांनी लेखणी खाली ठेवली.

मग त्यांनी हिंदीत, सावकाश, मला कळेल अशा शब्दांत सांगितलं. आई जे खाते-पिते त्यातला थोडा अंश तिच्या दुधात उतरतो. बहुतेक बाळांना त्यानं काही होत नाही. पण एखाद्या बाळाला गाईचं दूध सोसत नाही. तुम्ही पिता त्यातलं जे कणभर उतरतं, तेवढ्यानंही या मुलीचं अंग उठतं. आणि डब्यात काय असतं? गाईचंच दूध, वाळवलेलं. ते तर तुम्ही तिला थेटच दिलंत.

"म्हणजे माझं दूध खराब नाही?" मी विचारलं. मराठीतच विचारलं, हिंदी सुचलंच नाही.

त्यांना कळलं. "तेरा दूध अच्छा है," त्या म्हणाल्या. "बंद मत करना. गाय का दूध तू बंद कर. दही, घी, छाछ, सब. तीन हफ्ते करके देखो. फरक नहीं पड़ा तो फिर आना, कुछ और सोचेंगे."

त्यांनी वांगं, डाळ, भात, सगळं परत दिलं. तीळ खा म्हणाल्या, पालेभाजी खा, अंडी-मासे चालत असतील तर खा. मी तिथे बाकावर बसून रडले. नवरा बाजूला उभा राहून सायकलची किल्ली हातात फिरवत होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मायले कसं सांगाचं?"

मला एवढा राग आला की मी रस्त्यातच थांबले. "तुमच्या मशीनमधून खडखड आवाज आला त् तुमी काय करता?"

"एकेक पार्ट काढून पायतो."

"मंग माह्ये सगळे पार्ट काढून झाले. भात काढला, डाळ काढली, वांगं काढलं. एकच राह्यला. तो काढू द्या न आता."

तो म्हणाला, "बरोबर हाय." त्या सगळ्या प्रकरणात त्यानं स्वतःहून बोललेलं हे पहिलं कामाचं वाक्य.

घरी त्यानंच मायला सांगितलं. माय ऐकत राहिली आणि मग तिचा आवाज चढला. "गाईच्या दुधानं लेकरू आजारी पडते? कोणं सांगतलं? त्या बंगालनीनं? तिले सोताचे लेकरं तरी हाय का?"

"माय, डब्याच्या दुधानं काय झालं ते तुमी पाह्यलं," मी म्हणाले.

"तो डबा होता. मही गाय डबा हाय का?"

पण नवरा या वेळी मागे सरला नाही, म्हणून माय गप्प झाली. मी दुधाला हात लावला नाही. गाय दूध देतच होती, ते आता नवऱ्यानं प्यायचं ठरलं. तो तीन गिलास बिनतक्रार प्यायचा. त्याच्या अंगावर काही उठलं नाही, फक्त पोट सुटलं.

पहिले चार दिवस काही फरक नव्हता. पाचव्या-सहाव्या दिवशी शी साफ झाली. आठव्या दिवशी मुलगी दूध पिऊन रडली नाही. मी तिला खांद्यावर घेऊन वाट बघत राहिले, आता रडेल, मग रडेल; ती झोपून गेली होती. बाराव्या दिवशी गालांवरच्या खपल्या सुटल्या आणि खालून गुलाबी, ताजी कातडी दिसली. तेलवालीनं तिला उन्हात धरून बघितलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

चौदाव्या दिवशी परत रक्त.

पंधराव्या दिवशी पुरळ. मला काही समजेना. मी आठवून आठवून बघितलं, काय खाल्लं? तेच. भात, डाळ, भाजी, पोळी. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंचं चुकलं, मायचं खरं, माझंच दूध वाईट. हे दोन दिवस फार वाईट गेले. मी मुलीला पाजताना तोंड फिरवून बसायची.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी दुपटी वाळत घालून मागच्या दारानं आत आले. माय परातीशी बसून कणीक मळत होती. बाजूला पाण्याचा तांब्या नव्हता, दुधाचं पातेलं होतं. तिनं त्यातून ओंजळभर दूध कणकेत ओतलं आणि मळायला लागली.

"माय," मी म्हणाले, "हे काय करून राह्यल्या?"

ती दचकली, पण हात थांबवले नाहीत. "कणीक नरम येते."

"किती दिवसापासून?"

"झाले चार-पाच दिवस. एवढुशा दुधानं काय होते? सुकून चालली तू. पोट्टीले काय पाणी पाजशीन?"

"तिच्या अंगाकडं पाहा! बाराव्या दिवशी चांगली झाली होती. तुमी दूध टाकलं अन् परत उठलं. अजून काय पायजे तुमाले?"

"म्हंजे मी जहर टाकलं असं म्हणून राह्यली तू?"

"हो," मी म्हणाले. "तिच्यासाठी जहरच हाय ते."

मी सासूशी कधी असं बोलले नव्हते. मुलगी आत रडायला लागली. मायनं कणकेचे हात परातीच्या काठाला पुसले, सावकाश, एकेक बोट.

"माह्ये दोन गेले," ती म्हणाली. तिचा आवाज अजूनही भांडणाचाच होता. "दोनबी अंगावर पेणारे. मले दूधच नाई आलं. घरात खायाले नव्हतं, त् दूध कुठून येईन? अन् सासू म्हणे, तुह्याच अंगात दोष हाय. तुले दूध भेटाव म्हणून मी गाय आणली. अन् आता तू म्हणतं जहर."

तिच्या दोन मुलांबद्दल मला माहीत नव्हतं. नवऱ्यानंही कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसायला हवं होतं. पण मी फार थकले होते, आणि आत मुलगी गाल घासत होती. जे तिला तिच्या सासूनं ऐकवलं, तेच तिनं मला दोन महिने ऐकवलं होतं, मुंग्यांची परीक्षा घेऊन. हे त्या क्षणी मला माफ करता आलं नाही. मी परात उचलली, मागे गेले आणि ती सगळी कणीक गाईपुढे ठेवली. मग नव्यानं पीठ घेऊन पाण्यात मळलं.

दोन दिवस माय माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीशी बसून, माझ्याकडे पाठ करून तिनं विचारलं, "ताकबी नाई?"

"ताकबी नाई."

"लोणी?"

"नाई, माय."

तिनं चुलीत लाकूड सारलं. "मंग तूप त् चालन. तुपात काय असते?"

"तूपबी नाई."

"मंग खावाव काय माणसानं?" ती चुलीला म्हणाली. पण त्या दिवसापासून घरात माझं जेवण वेगळ्या पातेल्यात शिजायला लागलं, आणि ते पातेलं तीच घासायची.

मुलगी परत दुरुस्त झाली. या वेळी तीन आठवडे लागले, पण अंग स्वच्छ झालं, मांड्यांना वळ्या आल्या, ती हसायला लागली. आणि माय? तिचं दुसरंच टोक सुरू झालं. समोरच्या पंजाबी बाईनं मुलाच्या वाढदिवसाची बर्फी आणली तर माय दारातच आडवी उभी राहिली. बाळाला घ्यायला आलेल्या बायकांना ती विचारायची, चहा पिऊन आल्या का, दुधाचा होता का, हात धुतले का. माझ्या ताटाचा वास घ्यायची. मला स्वतःच्या घरात एक घास सुखानं खाता येईना. आणि कोणी विचारलं की सांगायची, "मलेच समजलं, गाईचं दूध सोसत नाई हिले. डॉक्टरलेबी मीच सांगतलं." मी नवऱ्याकडे बघायची. तो डोळ्यांनी म्हणायचा, जाऊ दे.

मला एकदा डॉक्टरीणबाईंना सगळं सांगायचं होतं. कणकेचं, बारा दिवसांचं, परत उठल्याचं. मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर मी तिला नवा फ्रॉक घालून दवाखान्यात घेऊन गेले. बाहेर मोठी रांग होती. बांधकामावर काम करणाऱ्या रेजा बायका, खोकणारी मुलं, हाताला पट्टी बांधलेला एक मजूर. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी मुलीची कोपरं बघितली, कानांमागे बघितलं, म्हणाल्या, "बढ़िया. अभी दूध मत देना. तीन साल की हो जाए, तब थोड़ा थोड़ा, यहाँ लाकर," आणि पुढच्या बाईला हाक मारली. मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. येताना मला त्यांचा थोडा रागही आला. एवढं सगळं माझ्याजवळ सांगायचं साचलं होतं आणि ऐकणारं माणूस एकच होतं.

मुलगी तीन वर्षांची झाली तोवर डॉक्टरीणबाईंची बदली झाली होती, म्हणून मी तिला दूध दिलंच नव्हतं. ती सव्वातीन वर्षांची असताना एका दुपारी शेजारच्या तेलुगू बाईकडे खेळायला गेली आणि दहीभात खाऊन आली. तोंडाला दही लागलेलं बघून मी आधी पदरानं तिचं तोंड पुसलं. शेजारीण घाबरून सारखी म्हणत होती, "हमको याद नहीं रहा, दीदी." नवऱ्यानं सायकल काढून दारात लावली. मी मुलीला ओट्यावर समोर बसवलं आणि तिच्या ओठांकडे, पोटाकडे, डोळ्यांकडे बघत राहिले. दर दोन मिनिटांनी फ्रॉक वर करून बघायची. ती कंटाळली, मग चिडली, मग म्हणाली, "आई, मुझे खेलने जाना है." मी म्हणाले, मराठीत बोल. ती म्हणाली, "मले खेळाले जाऊ दे न."

पाच वाजले. काही झालं नाही. एक गांधसुद्धा उठली नाही. मी तिला सोडलं. ती पळाली, नवऱ्यानं सायकल आत घेतली, आणि मी तशीच ओट्यावर बसून राहिले, कोणावर रागवावं हे न कळून.